दोनशे केबीत बसणारी माणसं

पाणी खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: पाणी उकळून प्यावं का, आणि आमच्या मजल्यावर ते चढत का नाही. पहिल्याचं उत्तर ताईंना येत होतं. दुसरं त्यांच्या विषयातलं नव्हतं, पण सोसायटीत त्यांचं नाव 'पाणीताई' पडलं ते त्या दुसऱ्यामुळेच. नळाची धार बारीक झाली की शेजारी जिन्यात त्यांच्याकडे असे बघत, जणू त्या आत्ताच कुठूनतरी तोटी आवळून आल्या आहेत.

म्हणून माजी साहेबांचा फोन आला आणि त्यात धारेचा विषय निघाला नाही, तेव्हा ताईंना बरं वाटलं.

"ताई, खात्याला पन्नास वर्षं होतायत. मुख्य कचेरीत इतिहासाचं दालन करतोय. त्या तापाच्या साथीतला आपला फोटो तुमच्याकडे असेल ना?"

"तुमच्याकडेही होता, साहेब."

"होता हो. घर बदलताना कुठे गेला कोण जाणे. तुम्ही काही हरवत नाही, म्हणून म्हटलं विचारावं."

ही स्तुती आहे असं ताईंनी धरून चालायचं ठरवलं. साहेबांच्या स्तुतीच्या बाबतीत असं धरूनच चालावं लागे; सिद्ध करायला गेलं की ती हातची जाई.

फोटो त्यांच्याकडे होताच. त्या उन्हाळ्यात घरोघर ताप पसरला होता आणि वरिष्ठ मंडळी डासांवर खापर फोडत होती. ताईंनी गल्लीगल्लीतल्या नळांचे नमुने आणून तपासले, पुन्हा आणले, पुन्हा तपासले, आणि एका ठिकाणी सांडपाण्याची नळी पिण्याच्या नळीत झिरपते आहे हे दाखवून दिलं. अहवाल त्यांनी लिहिला. सही साहेबांची होती, कारण सही साहेबांचीच असते. मग वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला आणि त्यानं 'पथका'चा फोटो काढला. कृष्णधवल, मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना सहायक, एका टोकाला गाडीचे चालक, दुसऱ्या टोकाला ताई. सबंध नोकरीत त्यांचं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठे छापून आलं नव्हतं. त्या कामाशेजारी त्यांचा चेहरा दिसेल अशी जागा जगात एकच होती, आणि ती या फोटोच्या उजव्या टोकाला होती. तो भिंतीवर लागावा असं त्यांना फार वाटत होतं. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. त्या एवढंच म्हणत होत्या, की फोटो स्पष्ट लागला पाहिजे.

स्टुडिओवाल्यानं तो स्कॅन करून दिला. "पन्नास एमबीची फाइल आहे," तो म्हणाला. "भिंतभर करा, फाटणार नाही." हे वाक्य त्याला फार आवडत असावं, ते त्यानं तीनदा म्हटलं.

खात्याचे नियम त्यानंतर आले. दालनातले सगळे फोटो संकेतस्थळावरून स्वीकारले जाणार आणि तिथूनच छापले जाणार. रुंदी किमान दोन हजार पिक्सेल. वजन कमाल दोनशे केबी. म्हणजे घोडा उंच हवा, धिप्पाड हवा, फक्त त्यानं मूठभरच चारा खायचा. नियम लिहिणाऱ्यानं घोडा पाहिलेला नाही हे ताईंच्या लगेच लक्षात आलं. पण सरकारी घोड्यांना उपाशी उभं राहायची सवय असते, तेव्हा त्या कामाला लागल्या.

त्यांच्या यजमानांचं पूर्वी चष्म्याचं दुकान होतं. स्पष्ट आणि अस्पष्ट या विषयात घरातला शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत. "एवढा आटापिटा कशाला?" ते म्हणाले. "व्हॉट्सॅपवर टाक. तिथे आपोआप बारीक होतं सगळं." आणि ताई चष्मा शोधत होत्या तेवढ्यात त्यांनी फोटो घरच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

बारीक झाला खरा. चेहरे कणकेच्या गोळ्यांसारखे दिसू लागले आणि रुंदी निम्मीही उरली नाही. पाच मिनिटांत नणंदेचा निरोप आला: "खूप छान आठवण. वहिनी, यात तुम्ही कुठल्या?"

"सहा जणांत एकच बाई आहे," ताई म्हणाल्या.

"अगं, ती फोनवर बघतेय. वयही झालंय तिचं," यजमान म्हणाले. नणंद ताईंहून चार वर्षांनी लहान होती.

ग्रुपवरची गोष्ट ग्रुपवर राहत नाही. संध्याकाळी तळमजल्यावरचे निवृत्त बँक व्यवस्थापक वर आले. ते प्रत्येक वाक्य 'हेड ऑफिसला असताना आम्ही' असं सुरू करत, म्हणून त्यांना सगळे हेडऑफिसच म्हणत. त्यांच्या पत्नीसुद्धा, रागावल्या की.

"हेड ऑफिसला असताना आम्ही झिप करायचो," ते म्हणाले आणि परवानगी न घेता खुर्चीवर बसले. त्यांनी ताईंनी तयार केलेली छोटी जेपीजी फाइल झिप केली. वजन होतं तेवढंच राहिलं. त्यांनी त्या झिपची पुन्हा झिप केली. वजन किंचित वाढलं.

"ही फाइल आधीच आवळलेली आहे," ताई म्हणाल्या. "पिळलेला टॉवेल पुन्हा पिळून काय निघणार?"

"जोर लावावा लागतो, पाणीताई."

मग त्यांनी फाइल उघडली, कमी दर्जावर सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा सेव्ह केली. प्रत्येक वेळी चित्रातलं थोडं कायमचं जातं, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं, हे ताई सांगत होत्या. ते "बरोबर, बरोबर" म्हणत सेव्ह करत होते. थोड्या वेळानं साहेबांच्या कपाळावर चौकोनी फरशा बसल्या आणि मागच्या कपाटातल्या काचेच्या चंबूंभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके उठले. वजन मात्र दोनशेच्या आत आलं होतं. हेडऑफिस उठले, हात झटकले, चहा घेतला आणि म्हणाले, "काही अडलं तर हाक मारा." मूळ फाइलवरही त्यांनी सेव्ह करून ठेवलं होतं. ताईंनी तिच्या प्रती आधीच दुसरीकडे ठेवल्या होत्या. जन्मभर त्यांनी प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग बाजूला ठेवला होता, आणि त्याचं कारण हेडऑफिससारखी माणसंच होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या शिकवणीवाल्या बाई आल्या. त्यांच्या फोनमध्ये एक ॲप होतं, जे जुने फोटो 'जिवंत' करत असे. त्यांनी हेडऑफिसकृत फोटो त्यात घातला आणि क्षणार्धात तो रंगीत होऊन बाहेर आला. साहेबांच्या डोक्यावर दाट केस उगवले होते. चालकांना निळे डोळे मिळाले होते. चंबूंच्या फुलदाण्या झाल्या होत्या आणि एकीत चक्क फूल होतं. उजव्या टोकाला गुलाबी ओठांची, पंचविशीतली, कधीही सांडपाण्याच्या वाटेला न गेलेली एक तरुणी एकरंगी रेशमी साडीत हसत उभी होती.

"ही कोण?" ताईंनी विचारलं.

"कोण म्हणजे? तूच," यजमान म्हणाले.

"ही मी नाही."

"असू दे की. चांगली आहे."

शिकवणीवाल्या बाई हसू दाबायला खिडकीकडे गेल्या. त्या दिवशी यजमानांच्या चहात साखर पडली नाही आणि त्यांनीही ती मागितली नाही, यावरून त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं.

मग ताईंनी सगळ्यांना लांब ठेवलं आणि काम स्वतः हातात घेतलं. मूळ मोठी फाइल घ्यायची, एकदाच लहान करायची आणि एकदाच सेव्ह करायची. मधल्या पायऱ्यांवर काही झिजू द्यायचं नाही. जुन्या फोटोचा कागद खरबरीत होता आणि त्या खरबरीतपणालाही वजन होतं, म्हणून फोटोतल्या भिंतीवरचा कागदाचा रवाळपणा त्यांनी हलकेच काढला. धूळ पुसणं चालतं, असा निवाडा त्यांनी स्वतःशी दिला. नमुन्यात पडलेला केस आपण काढतोच. पण नमुन्यात जे आहे त्याला हात लावायचा नाही. दर्जा थोडाथोडा उतरवत त्यांनी अनेक प्रती केल्या आणि यजमानांना समोर बसवलं. या कामाला मात्र ते खरोखर उपयोगी पडले. एक डोळा तळव्यानं झाकून ते बसले आणि ताई एकामागून एक प्रती दाखवू लागल्या.

"हे चांगलं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"सारखंच." मग डोळ्यावरचा तळवा काढून ते म्हणाले, "गिऱ्हाईक सारखंच म्हणालं की थांबायचं असतं."

त्या थांबल्या. फोटो सुंदर उतरला होता. चालकांच्या खिशातलं पेन दिसत होतं, चंबूंवरच्या मापाच्या रेघा मोजता येत होत्या. वजन होतं दोनशे अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस केबी म्हणजे काहीच नाही. यजमान दुकानात बसून पाठवायचे त्या सुप्रभाताच्या एका फुलाला याहून जास्त लागत. पण संकेतस्थळानं फोटो परत केला आणि लाल अक्षरांत दर्जा टिकवून वजन कमी करण्याचा सल्ला दिला. ताईंना प्रश्न पडला, की हे अठ्ठेचाळीस आहेत तरी कुठे? आणि इथे त्यांच्यातली वैज्ञानिक जागी झाली, जी नंतर झोपली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोटोचे उभे पट्टे केले आणि प्रत्येकाचं वजन वेगळं केलं. सपाट, गुळगुळीत जागेला जवळपास काही लागत नाही; बारीक, गजबजलेल्या जागेला फार लागतं. छताला वजन नव्हतं. साहेबांचा पांढरा सदरा त्यांच्या कामाइतकाच हलका निघाला. चालकही किरकोळ. सगळ्यांत जड पट्टा उजव्या टोकाचा होता. ताईंनी त्या दिवशी बारीक चौकड्यांची सुती साडी नेसली होती आणि तिची प्रत्येक चौकडी आपापले बाइट मागत होती.

त्यांना मनापासून आनंद झाला. कारण सापडलं की त्यांना नेहमीच होई, मग ते कारण कुणाचंही असो. त्यांनी दालनाच्या समितीसाठी एक टिपण लिहिलं: कुठला पट्टा किती जड, तो तसा का, आणि म्हणून मर्यादा दोनशेऐवजी अडीचशे करावी ही विनंती. प्रामाणिक टिपण होतं. आपल्या बाजूचंही त्यात काही लपवलेलं नव्हतं. तपासणीचा निष्कर्ष कुणाच्या हाती द्यायचा आणि कुणाच्या नाही, हे मात्र इतक्या वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

ते टिपण घेऊन त्या आधी संगणक कक्षात गेल्या. तिथले बाबू पडद्यामागे डबा उघडून बसले होते.

"ही मर्यादा कुणी ठरवली?"

"प्रणालीनं."

"प्रणालीत कुणी घातली?"

"मी घातली. पण मी घातली म्हणून मी काढू शकत नाही. मग कुणीही काहीही घालेल आणि काढेल. समितीपुढे ठेवा."

समितीत तिघे होते: अध्यक्ष म्हणून माजी साहेब, सदस्य म्हणून जनसंपर्क अधिकारी, आणि प्रणालीच्या वतीनं हेच बाबू. साहेबांनी टिपण शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी ताईंचं लिखाण शेवटपर्यंत वाचल्याचा हा पहिला प्रसंग असावा.

"उत्तम काम," ते म्हणाले. "तर अडचण साडीची आहे."

"अडचण मर्यादेची आहे, साहेब."

"तुम्हीच लिहिलंय ना, सगळ्यात जड भाग उजवीकडचा?"

"लिहिलंय."

"साडी एकरंगी करून टाकता येईल?" जनसंपर्क अधिकाऱ्यांनी विचारलं. "बादलीतला रंग ओततात तसं असतं काहीतरी त्यात."

"नेसले होते ते बदलायचं?"

"तसं नको," साहेब घाईनं म्हणाले. "ताई तत्त्वाच्या आहेत. मग दुसरा फोटो आहे की आपल्याकडे. तुमच्या यजमानांनी पाठवला तो." आणि त्यांनी फोन पुढे केला. त्यात निळ्या डोळ्यांचे चालक होते, फुलदाण्या होत्या आणि ती तरुणी होती. "मोठा करून घेतला, रुंदी पुरते. वजन एकशे नव्वद. बसतो."

यजमानांनी तो का पाठवला असेल ते ताईंना कळत होतं. कुठल्याही रूपात का होईना, बायको भिंतीवर लागावी. साहेबांना तो का आवडला तेही कळत होतं. ते मधूनमधून डोक्यावरून हात फिरवत होते, फोटोतल्या.

"यात मी नाही," ताई म्हणाल्या.

"आहात की. ही काय."

"ती मी नाही. त्या फुलदाण्याही नाहीत."

बाबू डबा बांधता बांधता म्हणाले, "खरा फोटो उजवीकडून कापला तर? रुंदी मूळ फाइलमधून पुन्हा काढता येईल. कापल्यानं दर्जा जात नाही, असं टिपणातच आहे. दुसरं पान."

होतं. दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ.

"डावीकडून कापता येणार नाही का?" जनसंपर्क अधिकाऱ्यांनी सौजन्यापोटी विचारलं.

"डावीकडे चालक आहेत. त्यांच्यात बचत नाही," बाबू म्हणाले. त्यांनीही टिपण नीट वाचलं होतं. त्या कचेरीत ताईंचं काही इतकं वाचलं गेलं नव्हतं आणि इतकं पाळलंही गेलं नव्हतं.

"निर्णय तुमचा, ताई," साहेब म्हणाले. "आम्ही काही लादणार नाही. एकतर ॲपचा, नाहीतर कापलेला. दर्जाशी तडजोड नको, हे पहिल्या दिवसापासून तुमचंच म्हणणं होतं."

"अठ्ठेचाळीस केबी, साहेब."

"आज तुम्हाला अठ्ठेचाळीस दिले, तर उद्या दुसरा शंभर मागेल."

ताई घरी आल्या आणि संगणकासमोर बसल्या. यजमान दारातच घुटमळत राहिले.

"तो रंगीत लागू दे ना," शेवटी ते म्हणाले. "निदान असशील तरी. लोक विचारतील, ही कोण. मग सांगता येईल."

"काय सांगाल? की ही ती नाही?"

"अगं, नाव तर येईल खाली."

"नावाखाली भलतीचा चेहरा. त्यापेक्षा अहवालाखाली भलत्याची सही बरी होती, निदान अहवाल तरी खरा होता."

एवढं कडू त्या सहसा बोलत नसत. यजमान आत जाऊन बसले. कापलेला फोटो द्यायला ताईंनी नकार दिला असता, तर समिती दुसरा लावणार हे उघड होतं, आणि मग त्या उन्हाळ्याचा पुरावा म्हणून भिंतीवर फुलदाण्या राहिल्या असत्या. ज्या नमुन्यात खोटं मिसळलं तो फेकायचा, हे त्या दुसऱ्यांना शिकवत आल्या होत्या. त्यांनी मूळ फाइल उघडली. उजवीकडची रेघ आत आणली. चौकड्या गेल्या, मग खांदा, मग चेहरा. शेजारच्या सहायकाची बाही अर्धवट तुटत होती म्हणून त्यांनी रेघ पुन्हा थोडी बाहेर घेतली, तिथे स्वतःचं कोपर दिसू लागलं, म्हणून पुन्हा आत. काम व्यवस्थितच करायचं होतं. एकदाच लहान केली, एकदाच सेव्ह केली. एकशे एकाहत्तर. संकेतस्थळानं ती तत्काळ स्वीकारली आणि हिरव्या अक्षरांत आभार मानले.

दालनाच्या उद्घाटनाला दोघं गेली. न जाणं म्हणजे रुसणं, आणि रुसायलाही काही दर्जा लागतो, असं ताईंचं मत. फोटो भिंतभर झाला होता आणि कुठे फाटला नव्हता. लोक जवळ जाऊन बघत होते. "त्या काळात असा कॅमेरा?" एकजण म्हणाला. साहेब समोर उभे राहून सांगत होते, की आम्ही पाच जणांनी त्या उन्हाळ्यात रात्रीचा दिवस केला.

यजमान फोटोच्या उजव्या कडेला जाऊन उभे राहिले. एका अनोळखी गृहस्थांना ते हळू आवाजात म्हणाले, "इथून पुढे माझी पत्नी आहे."

गृहस्थांनी पाहिलं. तिथे आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं.

"कुठे?"

"इथेच. फोटो इथे संपत नाही."

गृहस्थांनी नळकांड्यावरच्या सूचना आदरानं वाचल्या आणि पुढे गेले. ताईंनी यजमानांच्या बाहीला हात लावला. "अहो, चला," त्या म्हणाल्या, पण बाही लगेच सोडली नाही.

बाहेर पडताना दाराशी बाबू भेटले. ते घाईत होते. आजच्या समारंभाचे फोटो लगेच चढवायचे होते.

"दोनशे केबीत बसवताय?" ताईंनी विचारलं.

"नाही हो. काल वाढवली मर्यादा. पाच एमबी. साहेबांच्या सत्काराचा फोटो जाईना. गुच्छ होते ना दोन्ही हातांत, फुलांना फार लागतं. तुमच्या टिपणावरून लगेच समजलं कारण. फार उपयोगी पडतंय ते आम्हाला."

"मग तो जुना फोटो पूर्ण लावता येईल."

"स्वीकृत झालेला बदलता येत नाही." बाबूंना ताईंचा चेहरा बघून थोडं वाईट वाटलं असावं. त्यांनी आवाज उतरवला. "अर्ज करून बघा. कारण सविस्तर लिहा. तुमचं लिहिणं अगदी पटण्यासारखं असतं."

"हो," ताई म्हणाल्या. "तोच अनुभव आहे."